तटावरचा घास

“तटावरची माणसं एवढी हाडकुळी का काढलीस?” शाही चित्रशाळेच्या दारोग्याने पोथीचं पान चितार्‍यापुढे टाकलं. “उपाश्यांचा किल्ला जिंकण्यात बादशहांचा कसला पराक्रम? धष्टपुष्ट कर सगळ्यांना.”

“जी हुजूर,” म्हातारा चितारी म्हणाला. हुज्जत घालायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. त्या किल्ल्याला वेढा पडला तेव्हा तो आतच होता. ढालींचं कातडं उकडून खायची पाळी आली, तेव्हा बायको “माझं पोट भरलंय” म्हणत आपला वाटा त्याच्याच ताटात सारायची. दरवाजे उघडले त्याच्या आदल्या दिवशी ती गेली.

खारीच्या केसांचा कुंचला ओला करून तो एकेकाचे गाल भरत गेला. शेवटी बुरुजाच्या कोपर्‍यात काढलेली त्याची बायको उरली. तिचेही गाल भरले. मग, कुणी सांगितलं नसताना, त्याने तिच्या हातात भाकरी काढली आणि पहिला घास तिच्याच तोंडात.