तीनदा ओतलं

पहिला दगड सारजाबाईनं मारला. तो त्या माणसाच्या तोंडावरच बसला आणि त्याचे पुढचे दोन दात विहिरीच्या पायरीवर पडले.

मागून तिचा नवरा कोंडीबा कुदळ घेऊन पळत आला. दोघं सकाळपासून कडब्याच्या गंजीआड दबा धरून बसली होती, आणि त्याला कारणही तसंच होतं.

सोलापुरातल्या एका रंगाच्या कारखान्याची लॉरी वर्षभर त्यांच्या कुंभारी गावातल्या रानात लाल गाळ ओतून जात होती. आधी ज्वारी जळाली. मग विहिरीचं पाणी लालसर झालं आणि ते पिऊन दोन्ही बैल मेले. कोंडीबा जाब विचारायला गेला, तर कारखान्याच्या माणसांनी त्याच्या डाव्या हाताची बोटं दारात घालून चेचली. "केस केलीस तर हिरीत इख टाकू," असंही बजावलं.

तरी केस उभी राहिली, ती हाशम निरीक्षकामुळं. पाण्याच्या प्रदूषणाविरुद्धचा नवा कायदा येऊन तीन वर्षं झाली होती, पण तो मनावर घेणारा हा एकच सरकारी माणूस कोंडीबाला भेटला होता.

"सोमवारी कोर्ट आहे," हाशम म्हणाला होता. "साक्षीदार मिळालाय. शनिवारी मी स्वतः येऊन विहिरीच्या पाण्याचा नमुना घेतो. मग सुटत नाहीत ते. तोवर विहीर सांभाळा."

आज शनिवार. ऊन डोक्यावर आलं तरी हाशमचा पत्ता नव्हता. आला तो हा. हात कोपरापर्यंत लाल, म्हणजे कारखान्यातलाच. खोक्यातून एक बाटली काढून तो पायऱ्या उतरला. वाकला, उठला आणि बाटली विहिरीत रिती केली. एकदा नाही, तीनदा. तो चौथ्यांदा वाकून उठला, तेव्हा सारजाबाईला धीर धरवला नाही.

"सायेब..." रक्त थुंकत तो म्हणाला. "सायेब येतंय..."

"बोलव की तुज्या सायबाला," सारजाबाई म्हणाली. "त्येलाबी हितंच गाडते."

कोंडीबानं कुदळीचा दांडा त्याच्या गुडघ्यावर घातला. माणूस कोसळला, पण मुठीतली बाटली त्यानं सोडली नाही. त्यामुळं कोंडीबा आणखीच पिसाळला. डावा हात कामाचा राहिला नव्हता, तो उजव्यानंच मारत राहिला. खांद्यावर, बरगड्यांवर, शेवटी डोक्यावर. मारताना तो मेलेल्या बैलांची नावं घेत होता. खरं सांगायचं तर वर्षभरात पहिल्यांदाच त्याला बरं वाटत होतं.

माणूस हलायचा थांबला आणि थोड्या वेळानं रस्त्यावर जीप येऊन थांबली. हाशम उतरला. त्याच्या डोक्याला पट्टी होती आणि सदऱ्यावर रक्त वाळलं होतं.

"सकाळी निघतानाच गाठलं त्यांनी मला," तो बांधावरून येता येता म्हणाला. "सहा टाके पडले. म्हणून उशीर..."

पायरीवर नजर गेली आणि तो थांबला.

"चोर गावला बगा, सायेब," कोंडीबा धापा टाकत म्हणाला. "तीनदा इख ओतलं त्यानं हिरीत. आमी दोगांनी ह्या डोळ्यांनी बगितलं. आता केस पक्की की?"

हाशम पायऱ्या उतरला. मेलेल्या माणसाची लाल बोटं एकेक करून उघडून त्यानं बाटली काढून घेतली. ती काठोकाठ भरलेली होती आणि तिचं बूच घट्ट बसवलेलं होतं.



"बाटली आधी त्याच पाण्यानं तीनदा विसळायची आणि मग भरायची," तो म्हणाला. "असं सांगून मीच दवाखान्यातून तिप्पण्णाला पुढं पाठवलं होतं. सोमवारी साक्षीला तोच उभा राहणार होता."