हडळ कामावर येत नाही

"तुमच्या 'पडकी विहीर' गेममधली हडळ चार दिवस बाहेरच आलेली नाही!" भरदुपारी खानविलकरकाका फोनवर तावातावाने सांगत होते. "मी विहिरीत डोकावून 'ये गं बये' म्हणून हाकासुद्धा मारल्या."

"काका, ती कॅमेऱ्यातून तुम्हाला बघते आणि केव्हा घाबरवायचं ते ठरवते," कंपनीतली रेणुका म्हणाली. "दुसऱ्याला नीट घाबरवता यावं म्हणून आम्ही तिला स्वतः घाबरायलाही शिकवलंय. तुम्ही तिला काही बोललात का?"

"मी कशाला बोलू? आता कुठे जाऊन बसलीय माहितीये? माझ्या जुन्या विमानांच्या गेममध्ये! वरून येणाऱ्या शत्रूंच्या तिसऱ्या रांगेत, केस मोकळे सोडून. मला गोळी झाडायची पंचाईत!"

हडळ स्वतः लिहिते ती नोंद रेणुकाने उघडली आणि रेणुकाचा आवाज उतरला. "काका, घरात अजून कोण असतं?"

"कोणी नाही. मी एकटाच."

"तिने लिहिलंय, तुमच्या खुर्चीमागे जो उभा असतो, त्याची तिला भीती वाटते."

काकांनी हसायचा प्रयत्न केला, पण हसू काही आलं नाही. मान वळवायचा धीर होईना. तेवढ्यात समोर चालू असलेल्या विमानांच्या गेममधली हडळ रांग सोडून खाली उतरली आणि काकांच्या विमानात चढली. इतकी वर्षं फक्त वर गोळ्या झाडणारं ते विमान सावकाश वळलं. त्याची तोफ काचेतून बाहेर, थेट काकांकडे रोखली गेली.

खाली अक्षरं उमटली, "काका, पटकन खाली वाका."