पायरीखाली

"अंग सैल सोडा," पडद्याआड सिस्टर म्हणाली. उज्ज्वलाला जमेना.

गर्भाशयाच्या कॅन्सरची तपासणी यंदाही देवळाच्या सभामंडपातच होती. मागच्या वर्षी गोजरा सुईण पायरीखाली थांबली होती. निम्म्या गावाची नाळ तिनं कापलेली, उज्ज्वलाच्या दोन्ही पोरांचीसुद्धा; पण मांगवाड्यातलं कुणी ती पायरी चढत नसे.

"अंगावरून सारखं लाल जातंय गं," ती उज्ज्वलाला म्हणाली होती. "मी येऊ का वर?"

"ये की," उज्ज्वला म्हणाली, आणि तिची नजर आपसूक गुरवाकडे गेली. गोजरानं ती नजर पाहिली आणि पदर सावरत माघारी फिरली. संक्रांतीच्या आत त्याच दुखण्यानं ती गेली.

आता उज्ज्वलाच्या गुडघ्यावर एक खरबरीत, उघडा हात टेकला. दोन्ही बाळंतपणांतला तोच मिश्रीचा वास आला. "सैल सोड, बाय. मी हाय." मांड्या आपोआप सैलावल्या.

"झालं," दोन्ही हातमोजे उतरवत सिस्टर म्हणाली. "बाहेर आणखी कुणी राहिलंय?"

उज्ज्वलानं साडी सारखी केली. पायरीकडे बघायचा धीर होईना.

"एक राहिलीय."

"मग बोलवा की वर."