मागच्या इमारतीतला

"पार वाट लावली," असं म्हणत दंतवैद्याने रेकॉर्डवरून सुई उचलली. "सगळं घाईत उरकलंय. नव्याने छापताना कंपनीवाल्यांनी काय घोळ घातलाय कोण जाणे. हे गाणं कसं पाय ओढत यायचं. आता गायक गाडी चुकत असल्यासारखा पळतोय."

तरुणपणी देऊन टाकलेले चार रॉक अल्बम त्याने याच आठवड्यात पुन्हा विकत घेतले होते. सोबत नवा प्लेअरही आणला होता. चारही अल्बमबद्दल त्याची मतं तयार होती आणि ती तो दवाखान्यातही ऐकवायचा. तिथे पेशंटचं तोंड उघडं आणि तोंडात कापूस, त्यामुळे वाद होत नसे.

बायको टेबलावर गणिताचे पेपर तपासत होती. मान वर न करता ती म्हणाली, "हो ना. पूर्वी हे किती सावकाश होतं."

दंतवैद्याचा हात हवेतच राहिला. लग्नाला वीसेक वर्षं होत आली होती. या संगीताबद्दल तिने आजवर एकच मत दिलं होतं, ते म्हणजे 'आवाज कमी कर'.

"तू कुठे ऐकलंस?"

"मामाकडे शिकायला होते तेव्हा. मागच्या इमारतीत एक मुलगा लावायचा. मी खिडकीत बसून ऐकायचे."

मामांचं आताचं घर त्याला माहीत होतं. जुनं कुठे होतं, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. आत्ताही त्याला घराशी काही देणंघेणं नव्हतं.

"दिसायला कसा होता?"

"पाठमोरा दिसायचा. जमिनीवर बसायचा. गाणं संपेपर्यंत हलायचा नाही." तिने लाल पेन खाली ठेवलं. "छान वाटायचं बघायला."

छान वाटायचं! दंतवैद्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"ढोंगी असतात असली मुलं," तो म्हणाला. "खिडकीत कोण बसलंय हे त्यांना बरोबर ठाऊक असतं."

"असेलही," बायको म्हणाली आणि हसू दाबत तिने पुढचा पेपर ओढला.

त्या दिवसापासून त्याची मतं फिरली. कव्हरवर शिडी असलेला अल्बम तो कालपर्यंत डोक्यावर घेऊन नाचत होता. आता तो पोरी पटवायच्या लायकीचा ठरला. दुसऱ्यातला गिटारवाला उगाच लाडात येत होता. तिसऱ्यातल्या गायकाला म्हणे गळा कमी आणि नखरेच जास्त. चौथा तर हातात घेतला तरी तो पाठमोरा मुलगा समोर येऊन बसे. दंतवैद्याने त्याला आपल्या पदरचे रुंद खांदे दिले, मानेवर रुळणारे केस दिले आणि मग त्या केसांवर जळत बसला. एकदा तो खालची दाढ सोडून वरच्या दाढेला इंजेक्शन द्यायला निघाला. मदतनीस बाईंनी हात धरला म्हणून वाचला.

जेवताना तो मध्येच विचारी, "नाव काय होतं त्याचं?"

"नाही रे ठाऊक."

"बोलली होतीस का कधी?"

"एवढी हिंमत कुठली!"

या उत्तराने तो आणखीच खचला. हिंमत नव्हती, म्हणजे इच्छा होती. तिने आपल्याला मनापासून पसंत केलं, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता. आता वाटू लागलं, तिच्या मनात तो होता आणि आपण नुसते गळ्यात पडलो.

शेवटी त्याने सगळा राग प्लेअरवर काढला. हा जोरात फिरतो, अशी तक्रार घेऊन तो मेकॅनिककडे गेला. मेकॅनिकने वर ठिपक्यांची चकती ठेवून वेग तपासला.

"मशीन बरोबर आहे, डॉक्टर."

"मग गाणी अशी का पळतात? कॉलेजात मी हीच ऐकलीत. तेव्हा हळू होती."

"ऐकायचात कशावर?"

"खोलीवर एक प्लेअर होता. सेकंडहँड."

"मग त्याचा पट्टा सैल झाला असणार. गाणी पहिल्यापासून अशीच आहेत. सगळ्यांनी ती अशीच ऐकली. हळू वाजायची ती फक्त तुमच्या खोलीत."

दंतवैद्य स्टुलावर बसून राहिला. फक्त त्याच्या खोलीत. मग ती बायकोला हळू कशी आठवत होती? तो उठला आणि प्लेअर तिथेच टाकून घराकडे सुटला.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याने दारातूनच धापा टाकत विचारलं, "मामा तेव्हा कुठे राहायचे?"

"आता सुचलं होय विचारायला?" ती म्हणाली. "पाण्याच्या टाकीसमोर. तुझी खोली आमच्या मागे होती, वरच्या मजल्यावर."

दंतवैद्याला नाचावंसं वाटलं. "आणि मला ओळखलंस कधी?"

"तू मला बघायला आलास आणि निघताना पाठमोरा झालास, तेव्हा. आत जाऊन लगेच होकार देऊन टाकला."

"मग इतके दिवस मला जळत का ठेवलंस? सांगायचंस ना, तो मीच आहे!"

बायकोने हातातला शर्ट खाली ठेवला. आता ती हसत नव्हती.

"होतास," ती म्हणाली. "तेव्हा तू नुसता ऐकायचास."