वल्ह्याचा आवाज

भाट्याच्या खाडीत कयाकच्या शर्यतीआधी विनोद सर राहीवर चिडलेच. "नवख्याचा कान किनाऱ्याकडे असतो. मुरलेल्याला फक्त आपलं वल्हं ऐकू येतं. बाळंतपणानंतर तू पुन्हा नवखी झालीस गो!"

खरंच होतं ते. किनाऱ्यावर सासूबाईंच्या कडेवरची सानवी नुसती कुरकुरली, तरी राहीची लय तुटायची. आज हरली तर संघातली जागा जाणार होती.

शिट्टी वाजली. राही पहिली आली. सर गुडघाभर पाण्यात धावत आले, "आली! आमची जुनी राही परत आली!"

हसतच तिने लेकीला कडेवर घेतलं. सानवीचे डोळे रडून सुजले होते.

 

"शर्यतभर तुला हाका मारत होती गो," सासूबाई म्हणाल्या. "आज पहिल्यांदाच 'आई' म्हणाली. ऐकलंस ना?"