अटकेला कारण

"सरळ चाला, मिसेस स्टबलफील्ड. टाच अंगठ्याला टेकवत टेकवत," कोल्बी टिलरी म्हणाला. हॉलच्या फरशीवर पिवळी पट्टी चिकटवली होती, आणि तिच्यावर त्याची सख्खी सासू उभी होती.

पिऊन गाडी चालवणारे ओळखण्याच्या सरावासाठी केंटकीच्या त्या गावातून काही हौशी माणसं बोलावली होती. काहींना भर दुपारी व्हिस्की पाजलेली, काहींना तसल्याच ग्लासातून नुसतं सफरचंदाचं सरबत. कोणाला काय, ते फक्त सार्जंट ओडमबाईंना ठाऊक. शिकाऊ पोलिसाने तपासायचं आणि सांगायचं: अटक की सुटका, आणि कशावरून. कोल्बी मागच्या खेपेला नापास झाला होता. आज चुकला की गस्तीची गाडी विसरायची, पुन्हा ऑफिसात फोन उचलत बसायचं.

"मला दुसरं कोणी द्या ना," तो आधीच कुजबुजून बघून आला होता.

"या काउंटीत कुठलीही गाडी अडव, आत नातेवाईकच निघेल," ओडमबाई म्हणाल्या. "चल, लाग कामाला."

सासू पट्टीवरून सुतासारखी सरळ चालली. वळली. एका पायावर बगळ्यासारखी उभी राहिली. नजर स्थिर, जीभ साफ. कोल्बी तिला सोडणारच होता.

"घाम पूस तो," ती हळूच म्हणाली. "एवढा काय घाबरतोस, बाळा?"

कोल्बी गार पडला. लग्नाला चार वर्षं झाली होती. नाताळच्या जेवणातसुद्धा ती 'मिस्टर टिलरी, बटाटे इकडे सरकवता का?' असंच म्हणायची. त्याने बेड्या काढल्या आणि तिच्या हातांत अडकवल्या.

"अटक!"

"कशावरून?" ओडमबाईंनी विचारलं.

"त्या मला बाळा म्हणाल्या."

"कायद्यात बसेल असं काहीतरी बोल."

"बाई, तुम्ही यांना ओळखत नाही. शुद्धीत असत्या तर मेल्या तरी म्हणाल्या नसत्या!"

ओडमबाईंनी श्वासातली दारू मोजणाऱ्या यंत्राची नळी सासूच्या तोंडाशी धरली. तिने फुंकलं. शून्य.

"सरबत," बाई म्हणाल्या. "नापास."

"तेही मेलं गोडमिट्ट," सासू म्हणाली. "काढ आता या बेड्या, बाळा. हात अवघडले."

कोल्बीची किल्ली काही केल्या कुलपात जाईना. हात थरथरत होते, तोंड लालबुंद, डोळ्यांत पाणी, आणि नापास झालेला हा माणूस एकटाच हसत होता.

ओडमबाईंनी त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग यंत्राला नवी नळी लावली आणि त्याच्यासमोर धरली.

"तूही फुंक."