उकळलेली बासुंदी

"पोटातलं बाळ ठीक आहे ना हो, डॉक्टर?" कालिंदीबाईंनी विचारलं. समोर त्यांची सून ऋजुता सलाईन लावून निपचित पडली होती. अंगावरचे फुलांचे दागिने उतरवायलाही सवड मिळाली नव्हती. आज तिचं डोहाळजेवण. बासुंदीची पहिली वाटी मानाने तिलाच दिली, आणि पंगत बसायच्या आतच तिला उलट्या-जुलाबांनी धरलं.

"बाळाचे ठोके चांगले आहेत. पण हिच्या अंगातलं पाणी पार गेलंय. बासुंदी कधीची होती?"

"कालची. रात्रभर ओट्यावर राहिली खरी, पण सकाळी चांगली खळखळून उकळली हो मी! जंतू राहतील कसे?"

डॉक्टरांची नजर त्यांच्या बोटावरच्या चिंधीकडे गेली. "हे काय?"

"विळीवर कापलं परवा. जरा पिकलंय."

"तिथलेच जंतू बासुंदीत गेले असणार. उकळल्यावर ते मेले, पण रात्रभर त्यांनी सोडलेलं विष उकळून जात नाही."

कालिंदीबाईंनी पिशवीतून मोबाइल काढला. त्यांनी घाईघाईने घरी नवऱ्याला फोन लावला. "अहो, ती बासुंदी आधी मोरीत ओता!"

"ओतायची कशाला? पाहुण्यांना उपाशी कसं धाडायचं? मलाही शंका आली, म्हणून तुझ्यासारखीच खळखळून उकळली. पंगत आत्ताच उठली बघ. पोरांनी तर पातेलंसुद्धा चाटूनपुसून साफ केलं."